शाळेत कोणी आपल्यात घेत नाही तेव्हा : दहा ते तेरा वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी

जूनमध्ये शाळा सुरू होते, पाचवी-सहावीच्या तुकड्या नव्याने पाडल्या जातात आणि चार वर्षे एका बाकावर बसलेली मुले ‘अ’ आणि ‘क’मध्ये विभागली जातात. काही घरांत पाचवीला शाळाच बदलते. मूल जिल्हा परिषदेच्या चौथीपर्यंतच्या शाळेतून हायस्कूलमध्ये येते किंवा मराठी माध्यमातून सेमी-इंग्रजीत जाते. जुलै संपेपर्यंत नव्या वर्गात कोण कोणाबरोबर डबा खाणार हे ठरून गेलेले असते. ज्या मुलाचे हे ठरत नाही ते घरी येऊन ‘मला मित्र नाहीत’ असे क्वचितच म्हणते. ते म्हणते, ‘पोटात दुखतंय, उद्या शाळेत जात नाही.’ डबा अर्धा परत येऊ लागतो, आणि सहलीच्या सूचनेचा कागद पैसे भरायची तारीख उलटल्यावर दप्तराच्या तळाशी सापडतो, कारण बसमध्ये शेजारी कोण बसणार या प्रश्नाला त्या मुलाकडे उत्तर नसते.

हे दुःख लहान मानू नये. नेओमी आयझेनबर्गर, मॅथ्यू लिबरमन आणि किपलिंग विल्यम्स यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तरुणांना संगणकावर चेंडू टाकण्याचा साधा खेळ खेळायला दिला आणि थोड्या वेळाने त्यांच्याकडे चेंडू येणे बंद केले. एवढ्याशा वगळण्यानेही मेंदूतील जो भाग शारीरिक वेदनेच्या त्रासाशी जोडलेला आहे तो अधिक सक्रिय झालेला दिसला. ज्यांना समोर खेळणाऱ्यांची ओळखही नव्हती अशा मोठ्यांची ही स्थिती असेल, तर रोज सहा तास त्याच चाळीस-पन्नास मुलांमध्ये बसणाऱ्या अकरा वर्षांच्या मुलाला काय वाटत असेल याची कल्पना करता येते.

मुलाला वर्गात लोकप्रिय करणे हे पालकांचे काम नव्हे आणि ते त्यांच्या हातातही नाही. एखाददुसरा भरवशाचा मित्र, शाळेच्या दिवसात बसायला आणि खेळायला एक ठरलेली जागा, आणि अपमान झाला तर सांगता येईल असे एक मोठे माणूस, एवढे मात्र थोड्या चिकाटीने मिळवून देता येते. पुढील पायऱ्या त्यासाठी आहेत. त्यांपैकी पहिल्या दोन कोणालाही टाळता येणार नाहीत. बाकीच्यांतून आपल्या मुलाला लागू पडतील त्या घ्याव्यात.

पहिली पायरी : नेमके काय चालले आहे ते ओळखा

‘माझ्या मुलाला कोणी भाव देत नाही’ या एका वाक्यात निदान चार वेगळ्या परिस्थिती असू शकतात आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे. जॉन कोई, केनेथ डॉज आणि त्यांच्या सहकारी संशोधकाने १९८२ साली शाळेतील मुलांना एक साधी विचारणा केली: वर्गातील सर्वांत आवडणारी तीन मुले कोणती आणि सर्वांत न आवडणारी तीन कोणती? त्या उत्तरांतून असे दिसले की काही मुले बहुतेकांना आवडतात, काही बहुतेकांना आवडत नाहीत, काहींबद्दल वर्गाचे दोन तट असतात, आणि काहींचे नाव दोन्हींपैकी एकाही यादीत येत नाही. या शेवटच्या मुलांना कोणी नाकारलेले नसते. त्यांच्याकडे कोणाचे लक्षच गेलेले नसते. पालकांना दोन्ही प्रकार घरून सारखेच दिसतात, कारण दोन्ही मुले एकटीच घरी येतात.

त्या चारांपैकी पहिली परिस्थिती दुर्लक्षित राहण्याची आणि दुसरी नाकारले जाण्याची. दुर्लक्षित राहिलेल्या मुलाला एखादी संधी, एखादी ओळख पुरते. बरेचदा तुकडी बदलली किंवा शेजारचा बाक बदलला की त्याचे चित्र पालटते. नाकारल्या गेलेल्या मुलाचे मात्र तसे नसते. ते आऊट झाल्यावर मान्य करत नसेल, रडीचा डाव खेळत असेल, दुसऱ्याचे बोलणे मध्येच तोडत असेल, लगेच हात उगारत असेल किंवा प्रत्येक गोष्ट बाईंना जाऊन सांगत असेल, तर जागा बदलून काही साधत नाही. त्या एका सवयीवर काम करावे लागते. हे पालकांना ऐकायला जड जाते, परंतु आपल्या मुलाच्या कोणत्या वागण्याचा इतरांना त्रास होतो हे प्रेमाने आणि स्पष्टपणे त्याला सांगू शकणारे माणूस बहुधा घरातच असते.

तिसरी परिस्थिती म्हणजे कालपर्यंत असलेले कोंडाळे आज तुटणे. मुलींमध्ये ही कट्टी कधी कधी महिनाभर चालते, आणि ‘तिच्याशी बोललीस तर आमच्याशी बोलू नकोस’ असा दम तिच्यामागे असतो. चौथी परिस्थिती छळाची. नॉर्वेतील संशोधक डॅन ओल्वेयस यांनी छळ ओळखण्याच्या ज्या तीन खुणा सांगितल्या त्या आजही उपयोगी आहेत: त्रास मुद्दाम दिला जातो, पुन्हा पुन्हा दिला जातो, आणि देणाऱ्याचे बळ घेणाऱ्यापेक्षा जास्त असते. हे बळ अंगाचे असेल, संख्येचे असेल किंवा वर्गातील वजनाचे असेल. दोन बरोबरीच्या मुलांचे भांडण म्हणजे छळ नव्हे. त्यात मोठ्यांनी घाईने पडू नये. तिन्ही खुणा दिसत असतील तर ‘मुलांचं मुलं बघून घेतील’ असे म्हणत थांबणे चुकीचे आहे, आणि अशा वेळी मधल्या पायऱ्या सोडून थेट शाळेशी बोलण्याच्या पायरीकडे जावे.

ओळखायचे कसे? दोन आठवडे नुसते पाहावे आणि लहान, वस्तुनिष्ठ प्रश्न विचारावेत. ‘आज डबा कुठे बसून खाल्लास?’ ‘पी.टी.ला संघ कोणी पाडले?’ ‘व्हॅनमध्ये तुझ्या शेजारी कोण बसतं?’ ‘परिपाठाला रांगेत तुझ्या पुढे कोण असतं?’ या प्रश्नांची उत्तरे द्यायला मुलाला लाज वाटत नाही आणि चार-पाच दिवसांत चित्र स्पष्ट होते. ‘आज कोणी त्रास दिला का?’ हा प्रश्न मात्र रोज विचारू नये. रोज तोच प्रश्न ऐकणारे मूल शाळेच्या दिवसातून तेवढेच वेचून घरी आणायला शिकते, आणि मधल्या सुट्टीत कोणीतरी त्याला चिंचा दिल्या होत्या हे सांगायचे राहून जाते.

दुसरी पायरी : उपाय सुचवण्याआधी ऐकून घ्या

समजा, सहावीतील मुलगी संध्याकाळी म्हणते, ‘त्या तिघींनी आज माझ्यासाठी जागाच धरली नाही.’ यावर घराघरांत तीन उत्तरे ठरलेली असतात. पहिले, ‘जाऊ दे गं, तू अभ्यासाकडे लक्ष दे.’ दुसरे, ‘तूच काहीतरी बोलली असशील.’ तिसरे, ‘थांब, उद्या मीच बघते त्यांच्याकडे.’ पहिल्यात तिचे दुःख पुसून टाकले जाते, दुसऱ्यात तिच्यावरच खटला भरला जातो, आणि तिसऱ्यात गोष्ट तिच्या हातातून काढून घेतली जाते. तिन्हींनंतर ती पुढच्या वेळी काही सांगत नाही.

त्याऐवजी संभाषण असे जाऊ शकते:

‘अगं बाई. मग तू कुठे बसलीस?’
‘मागच्या बाकावर. एकटीच.’
‘वाईट वाटलं असेल.’
‘हो. आणि मुद्दाम हसत होत्या.’
‘हं. आता मी नुसतं ऐकू, का आपण दोघी मिळून काही विचार करू?’

हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. बरेचदा उत्तर ‘नुसतं ऐक’ असे येते आणि ते पाळावे. हे बोलणे समोरासमोर बसवून करू नये. शेंगा निवडताना, स्कूटरवरून क्लासला जाताना, रात्री दिवा मालवल्यावर या वयाची मुले जास्त मोकळी होतात. बाबांशी किंवा मामाशी जास्त जमत असेल तर हे काम त्यांच्याकडे द्यावे. आईनेच केले पाहिजे असे काही नाही. ऐकलेले नातेवाइकांसमोर किंवा सोसायटीच्या गप्पांत मात्र अजिबात सांगू नये. आपल्या एकटेपणाची गोष्ट काकूच्या तोंडून परत ऐकणे हा मुलासाठी दुसरा अपमान असतो.

तिसरी पायरी : ‘फेमस’ असणे आणि आवडते असणे यांतला फरक दाखवा

या वयात मूल म्हणते की ‘सगळे’ त्या एका ग्रुपमध्ये आहेत आणि आपणच बाहेर आहोत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ साली असे मांडले की किशोरवयाच्या सुरुवातीला मुलांना आपल्याभोवती सतत प्रेक्षक बसले आहेत असे वाटते. केस नीट बसले नाहीत किंवा चप्पल जुनी आहे हे सगळ्या शाळेने पाहिले अशी त्यांची खात्री असते. त्यामुळे नुसते समजावून ही भावना जात नाही. एक कागद घेऊन बसावे.

कागदावर मुलाने वर्गातील मुलांची नावे लिहावीत, आणि जी एकत्र असतात त्यांच्याभोवती गोल काढावा. मधला मोठा ग्रुप, क्रिकेटवाले, चित्रे काढणाऱ्या दोघी, स्कॉलरशिपच्या जादा तासाला बसणारे, एसटीने गावाहून येणारे, आणि कोणत्याच गोलात नसलेले. चाळीस मुलांच्या वर्गात तो ‘फेमस’ ग्रुप बहुधा सहा-सात जणांचाच निघतो. मग मुलाला विचारावे, ‘यांतल्या कोणाजवळ बसलं की तुला बरं वाटतं?’ आणि ‘तुझी वही हरवली तर आपली वही कोण देईल?’ या दोन प्रश्नांच्या उत्तरांत सहसा मधल्या ग्रुपमधील नाव येत नाही. आपण ज्यांच्यात जाण्यासाठी धडपडतो त्यांच्याजवळ आपल्याला बरे वाटत नाही, हे मुलाने स्वतः कागदावर पाहणे आईवडिलांच्या कोणत्याही उपदेशापेक्षा जास्त उपयोगी पडते.

संशोधनही हेच सांगते. जेनिफर पार्कहर्स्ट आणि अँड्रिया हॉपमायर यांनी १९९८ साली दाखवले की वर्ग ज्यांना ‘लोकप्रिय’ म्हणून ओळखतो ती मुले आणि वर्गाला जी खरोखर आवडतात ती मुले बऱ्याच प्रमाणात वेगळी असतात. आवडत्या मुलांना सोबती प्रेमळ आणि विश्वासू म्हणतात, तर नुसत्या लोकप्रिय मुलांबद्दल वरचढपणाचा उल्लेख येतो. व्हर्जिनिया विद्यापीठातील जोसेफ ॲलन आणि सहकाऱ्यांनी १८४ मुलांचा तेराव्या वर्षापासून तेविसाव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला आणि २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. वयाआधी मोठ्यांसारखे वागून, नियम मोडून आणि दिसण्यावरून मित्र निवडून जी मुले लवकर ‘कूल’ ठरली होती, त्यांना विशीत नातेसंबंधांच्या, व्यसनांच्या आणि कायद्याच्या अडचणी अधिक आल्या. हे मुलाला ‘बघ, त्यांचं पुढे वाईट होणार’ असे म्हणून सांगू नये. दुसऱ्याच्या वाईटात समाधान शोधायला शिकवणे योग्य नाही, आणि तीही शेवटी मुलेच आहेत. पालकांनी मात्र स्वतःच्या मनातील घाई कमी करण्यासाठी हे लक्षात ठेवावे.

चौथी पायरी : एक मित्र

सर्वांत जास्त कष्ट येथे घ्यावेत. अर्नेस्ट हॉजेस, विल्यम बुकोव्स्की आणि सहकाऱ्यांच्या १९९९ सालच्या अभ्यासातून असे दिसले की ज्या मुलांना एक जवळचा, परस्पर मानलेला मित्र असतो, त्यांच्यावर छळाचा होणारा परिणाम कमी राहतो. पूर्ण वर्ग आपला होण्याची गरज नाही. एक जण पुरतो.

कागदावरच्या ‘बरं वाटतं’ यादीतून मुलानेच एक नाव निवडावे. पालकांना आवडणारे हुशार मूल त्याच्यावर लादू नये. मग दोघांच्या आयांनी किंवा बाबांनी एकमेकांशी फोनवर बोलावे, कारण या वयात घरी येण्याजाण्याची परवानगी मोठ्यांकडूनच मिळते आणि बऱ्याच मैत्र्या केवळ मोठ्यांची ओळख नसल्यामुळे शाळेच्या फाटकाबाहेर येत नाहीत. ‘शनिवारी शाळा सुटल्यावर तिला आमच्याकडे पाठवाल का? दोघी आकाशकंदील करणार आहेत, सहाला मी स्वतः सोडायला येईन’ एवढे पुरे. त्यात कोण, काय, किती वाजेपर्यंत आणि परत कोण आणणार हे सगळे आले, म्हणजे समोरच्या आईला नकार देण्याचे कारण उरत नाही.

भेट पहिल्यांदा दोन तासांचीच असावी आणि एकाच मुलाला बोलवावे. तिघे आले की दोघे एक होतात आणि आपलेच मूल आपल्याच घरात एकटे पडते. हातांना काम असेल असे काहीतरी योजावे: भेळ करणे, किल्ल्याची माती कालवणे, सायकलची चेन बसवणे, कॅरम. नुसते ‘बसा, गप्पा मारा’ म्हटले तर दोन्ही मुले दहाव्या मिनिटाला मोबाइल मागतात. घरात लहान भाऊ-बहीण असेल तर त्यांना तेवढा वेळ शेजारी पाठवावे. घर लहान आहे किंवा पाहुण्याला बसवायला जागा नाही म्हणून मूल कोणाला बोलवायला लाजत असेल, तर गच्ची, बाग, वाचनालय किंवा देवळाचे आवार चालते. मैत्रीला दिवाणखाना लागत नाही. खेळ रंगात आलेला असतानाच वेळ संपवावी, म्हणजे पुढच्या भेटीची मागणी मुलांकडून येते. आणि भेट झाल्यावर ‘काय बोलला, तुला परत बोलावलं का?’ अशी चौकशी करू नये.

दोन-तीन भेटींत काही जुळले नाही तर यादीतील दुसरे नाव घ्यावे. हे दोन-तीन महिन्यांचे काम आहे, एका शनिवारचे नाही.

पाचवी पायरी : चाललेल्या खेळात शिरायचे कसे, याचा सराव

मधल्या सुट्टीत मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या मुलाला ‘जा ना, खेळ ना त्यांच्यात’ असे सांगणे निरुपयोगी आहे, कारण कसे जायचे हेच त्याला माहीत नसते. मार्था पुटालाझ आणि जॉन गॉटमन यांनी १९८१ साली मुलांच्या गटात नवे मूल कसे शिरते याचे निरीक्षण केले. जी मुले सहज सामावली गेली ती आधी थोडा वेळ पाहत राहिली आणि मग चाललेल्या गोष्टीला धरूनच बोलली. जी नाकारली गेली ती मध्येच शिरून स्वतःबद्दल बोलू लागली, प्रश्नांची सरबत्ती करू लागली किंवा खेळाचे नियम सुधारू लागली.

घरी याचा सराव करता येतो. आई-बाबा आणि ताई क्रिकेट खेळत आहेत असे समजावे आणि मुलाने बाहेरून यावे. क्रम असा: जवळ उभे राहायचे, खेळ काय आहे आणि कोणाचे राज्य आहे ते पाहायचे, चांगल्या फटक्याला ‘भारी!’ म्हणायचे, डाव संपण्याची वाट पाहायची, आणि मग ‘मला घ्याल का?’ असे सर्वांना विचारण्याऐवजी एकाला विचारायचे, ‘मी फिल्डिंगला थांबू का?’ सर्वांना विचारलेल्या प्रश्नाला एकाने ‘नको’ म्हटले की बाकीचे त्याच्यामागे जातात. फिल्डिंगला मात्र कोणालाही माणूस हवाच असतो. नकार आलाच तर ‘बरं, पुढच्या डावाला’ म्हणून बाजूला व्हायचे आणि दुसऱ्या टोकाच्या लगोरीवाल्यांकडे जायचे. नकार हसतमुखाने घेण्याचाही सराव करावा. घरच्यांनी मुद्दाम ‘नको’ म्हणावे आणि मुलाने तो ऐकून शांतपणे बाजूला व्हावे.

रडीचा डाव खेळणाऱ्या मुलासाठी घरी रोज वीस मिनिटे सापशिडी, लुडो किंवा कॅरम खेळावे आणि त्याला मुद्दाम जिंकू देऊ नये. हरल्यावर ‘मस्त खेळलास’ एवढे दोन शब्द म्हणता येऊ लागले की मैदानावरची अर्धी तक्रार मिटते.

सहावी पायरी : चिडवण्याला उत्तर

‘लक्ष देऊ नकोस’ हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. लक्ष न देणे म्हणजे खाली मान घालून लाल होणे असे मूल समजते, आणि चिडवणाऱ्याला हवे असते तेच ते. त्यापेक्षा एक लहान, कोरडे, आधी पाठ केलेले वाक्य द्यावे: ‘झालं बोलून?’, ‘हे काल पण बोललास’, ‘बरं.’ आवाज नेहमीचा, नजर समोर, आणि बोलून झाल्यावर तेथून निघून जाणे. शिवीला शिवी आणि व्यंगाला व्यंग देऊ नये. आरशासमोर दहा वेळा म्हटलेले वाक्य वर्गात तोंडातून निघते. आयत्या वेळी सुचलेले निघत नाही.

बोलीवरून होणाऱ्या चिडवण्याबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. सांगली, बीड, चंद्रपूर किंवा सिंधुदुर्गातून पुण्या-मुंबईच्या शाळेत आलेल्या मुलाच्या ‘न’-‘ण’ला, हेलाला, ‘व्हय’ आणि ‘काहून’ला हसले जाते, आणि ते मूल महिन्याभरात वर्गात तोंड उघडणे बंद करते. पालकांनी घाबरून घरातली बोली बदलू नये. मुलाला स्पष्ट सांगावे की वर्गात एक बोली आणि घरी एक बोली बोलता येणे ही क्षमता आहे, आणि आजीशी तिच्या बोलीत बोलणे थांबवू नये. शिक्षकांनी परिपाठात एखाद्या दिवशी वेगवेगळ्या भागांतील शब्द मुलांकडून गोळा केले तर हसणारीच मुले आपापल्या गावाचे शब्द सांगू लागतात. ही विनंती वर्गशिक्षकांना जरूर करावी.

रंग, वजन, अपंगत्व, आडनाव, जात किंवा धर्म यांवरून होणारे बोलणे मात्र चिडवाचिडवी म्हणून सोडून देऊ नये. कोणाच्या डब्यातले खायचे नाही हे जातीवरून ठरत असेल, तर ते त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांपर्यंत गेले पाहिजे.

सातवी पायरी : कपडे, वस्तू आणि शरीर

मूल एखादी विशिष्ट बाटली, दप्तर किंवा बूट मागते तेव्हा सगळे नाकारू नये आणि सगळे देऊही नये. वर्षातून एखादी माफक वस्तू त्याच्या पसंतीची घ्यावी; सगळ्यांपेक्षा वेगळे न दिसण्याची गरज या वयात खरी असते. महागड्या वस्तूने मित्र येत नाहीत, आणि आले तर वस्तूबरोबर जातात. वाढदिवसाला साऱ्या वर्गाला महाग भेटवस्तू वाटून मैत्री विकत घेण्याचा प्रयत्न तर मुलाला अधिकच अवघडवतो.

शरीराकडे मात्र लक्ष द्यावे. मुलींमध्ये साधारण आठ ते तेरा आणि मुलांमध्ये नऊ ते चौदा या वयात वयात येण्याचे बदल सुरू होतात. घामाचा वास, तेलकट केस आणि न बदललेले मोजे यांवरून मुले दूर बसतात आणि कारण कोणी सांगत नाही. रोज धुतलेला गणवेश, खेळून आल्यावर अंघोळ आणि मुलीच्या दप्तरात सॅनिटरी पॅड असलेली लहान पिशवी, हे उपाय साधे आहेत आणि लगेच उपयोगी पडतात.

आठवी पायरी : मोबाइलवरचा वर्ग

व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम या दोन्हींच्या स्वतःच्या नियमांनुसार वापरणाऱ्याचे वय किमान १३ असावे लागते. तरीही सहावी-सातवीच्या मुलांचे ग्रुप आईच्या नंबरवरून चालतात हे वास्तव आहे. ‘मला ग्रुपमधून काढलं’ ही आजची कट्टी आहे, आणि ती रात्री साडेदहाला होते तेव्हा मुलाजवळ कोणी नसते. म्हणून रात्री आठनंतर ग्रुप बंद आणि फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, हा नियम घरातील सर्वांसाठी ठेवावा. दुसऱ्याचा फोटो त्याला न विचारता टाकायचा नाही, आणि रागात आलेल्या संदेशाला सकाळपर्यंत उत्तर द्यायचे नाही. अपमानाचे संदेश पुसू नयेत. स्क्रीनशॉट काढून तारखेसह ठेवावेत. पालकांनी मुलांच्या ग्रुपवर स्वतः जाब विचारणारा संदेश टाकू नये. त्याचा दुसऱ्या दिवशी वर्गात जो बभ्रा होतो तो मुलाला एकट्याने सोसावा लागतो.

नववी पायरी : शाळेबाहेर दुसरी ओळख

ज्या मुलाला वर्गात ‘तो शेवटचा उरणारा’ म्हणून ओळखतात, त्याला आठवड्यातून दोनदा अशा ठिकाणी जाता आले पाहिजे जेथे ही ओळख कोणाला माहीत नाही. पुण्यात गरवारे बालभवनासारख्या संस्था आहेत. अन्यत्र तालीम, खो-खोचा संघ, लेझीम किंवा ढोल पथक, बालनाट्य, तबल्याचा क्लास, स्काउट-गाइड किंवा गावचे वाचनालय आहे. निवडताना गुणांची स्पर्धा नसलेले आणि वेगवेगळ्या वयाची मुले एकत्र येणारे ठिकाण पाहावे. मोठ्या मुलांच्या हाताखाली शिकणे आणि लहानांना सांभाळणे, दोन्हींमुळे वर्गात खचलेला आत्मविश्वास परत येतो.

दहावी पायरी : शाळेशी बोलणे

छळ चालू असेल तर ताबडतोब, आणि एरवी दोन महिने घरचे प्रयत्न करून फरक न पडल्यास, वर्गशिक्षकांना भेटावे. शाळा सुटताना फाटकावर गाठून बोलू नये आणि पालकसभेत सर्वांसमोर तर मुळीच नाही. आधी चार ओळी लिहून द्याव्यात:

‘आदरणीय बाई, माझा मुलगा सहावी ‘ब’मध्ये आहे. गेल्या दोन आठवड्यांपासून तो मधल्या सुट्टीत एकटा डबा खातो असे त्याच्या बोलण्यातून कळते. मंगळवारी आणि गुरुवारी पी.टी.ला संघ पाडताना तो शेवटी उरला आणि दोन्ही संघांनी त्याला घेण्यास नकार दिला. आपल्या पाहण्यात काय आले आहे हे मला समजून घ्यायचे आहे. आपल्या सोयीने दहा मिनिटे मिळाल्यास मी शाळेत येईन.’

यात घटना आहेत, वार आहेत, आरोप नाही. भेटीत तीन विनंत्या कराव्यात: बाकावर एखाद्या समंजस मुलाशेजारी बसवणे; संघ कॅप्टनने निवडण्याऐवजी शिक्षकांनी किंवा चिठ्ठ्यांनी पाडणे; आणि वाचनपेटीतील पुस्तके वाटणे, परिपाठाचा सुविचार लिहिणे असे एखादे काम दुसऱ्या मुलाबरोबर जोडीने देणे. ‘याच्याशी सगळ्यांनी मैत्री करा’ अशी वर्गात घोषणा करू नये, हेही नम्रपणे सांगावे. दुसऱ्या मुलाच्या आईवडिलांना पालकांनी परस्पर फोन करू नये. त्यातून मोठ्यांचीच भांडणे लागतात.

दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. त्यापुढे पालक-शिक्षक संघ आणि शाळा व्यवस्थापन समिती आहे. महाराष्ट्रातील शाळांत २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समितीही असायला हवी. चिडवण्यात शिक्षकच सामील असतील, तर शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने मुलांना मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे हे अर्जात नमूद करावे. अंगाला नको तेथे हात लावणे, कपडे ओढणे किंवा तसे चित्रीकरण करणे हा छळाच्या पलीकडचा प्रकार आहे. तेथे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा, २०१२ लागू होतो आणि पोलिसांत कळवणे बंधनकारक आहे.

झोप उडणे, जेवण तुटणे, आवडते छंद सोडणे, अंगावर न सांगता येणारे वळ दिसणे, किंवा ‘मी नसलो तर बरं’ अशा अर्थाचे काहीही बोलणे, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर वाट पाहू नये. मुलाला एकटे ठेवू नये, मरणाचे विचार येतात का हे शांतपणे आणि थेट विचारावे, कारण विचारल्याने ते विचार वाढत नाहीत, आणि बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तेथे मराठीत बोलता येते. मुलाला स्वतः बोलायचे असेल तर १०९८ हा बालकांसाठीचा क्रमांक त्याच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून द्यावा.

वगळणारे मूल आपलेच असेल तर

‘तुमचं मूल दुसऱ्याला एकटं पाडतं’ असा शाळेचा फोन कोणत्याही घरी येऊ शकतो. ‘आमचा मुलगा असं करणारच नाही’ हे पहिले वाक्य गिळून टाकावे आणि ‘सांगितलंत ते बरं केलंत, मी त्याच्याशी बोलून तुम्हाला उद्या कळवते’ असे म्हणावे. मुलाला चारचौघांत झोडपू नये. आपली जागा जाण्याच्या भीतीनेही मुले दुसऱ्याला वगळतात. कोंडाळ्याच्या मधोमध असलेल्या मुलीलाही उद्या आपली पाळी येईल ही धास्ती असते. ती भीती तिच्याकडून ऐकून घ्यावी, आणि तरीही झालेल्या गोष्टीची भरपाई तिनेच करायची आहे हे ठाम सांगावे. सर्वांसमोर वदवून घेतलेली माफी टाळावी, कारण ती पीडित मुलीलाही लाजवते. त्याऐवजी सोमवारी मधल्या सुट्टीत त्या मुलीसाठी जागा धरायची, तिला हाक मारायची, आणि आपल्या ग्रुपमधील कोणी नाक मुरडले तर ‘मी बोलावलंय तिला’ असे म्हणायचे. हेच मंगळवारी, हेच बुधवारी. आठवड्याच्या शेवटी वर्गशिक्षकांना फोन करून ते खरोखर झाले का, हे पालकांनी विचारून घ्यावे.